चोर बंदूक बघून गेलेत, आता पुढे?

प्रश्न: राजापूर तालुक्यात आमचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू घर आणि आंबा-काजूची बाग आहे. लग्नासाठी चार दिवस पुण्याला गेलो असताना मागीलदाराचा कडीकोयंडा तोडून घर फोडलं. दागिने आणि रोकड गेली. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची डबल बॅरल बंदूक (आधी वडिलांच्या, आता माझ्या नावावर) कपाटामागे कॅनव्हासच्या कव्हरात होती. ती बाहेर काढून खोलीत टाकलेली सापडली, नेली मात्र नाही. काडतुसं पाच-सहा कमी वाटतात. परवाना जाईल या भीतीने ते पोलिसांना सांगितलेलं नाही. आता बंदूक कुठे ठेवू, घराला काय करू, आणि रात्री भरून उशाशी ठेवली तर चालेल का?

उत्तर: आधी काडतुसांचं बघा. बाकी सगळं त्यानंतर.

परवान्यावरचं शस्त्र किंवा दारूगोळा हरवला, चोरीला गेला तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, ही परवान्यावरच छापलेली अट आहे. घर फोडलं गेलं हा तुमचा गुन्हा नाही. माहीत असून कळवलं नाही, तर तो अटीचा भंग. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३० खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि परवान्याचा फेरविचार होतो तो वेगळा. तुमची काडतुसं उद्या दुसऱ्या गुन्ह्यात सापडली आणि नोंदीवरून माग तुमच्यापर्यंत आला, तर 'तेव्हा का बोलला नाहीत?' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. म्हणून उद्याच ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या. मूळ फिर्याद झालेली आहे, ती बदलावी लागत नाही. राहिलेली गोष्ट पुरवणी जबाबात येते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, हातात नसेल तर तीही मागून घ्या.

'पाच-सहा कमी वाटतात' हे वाक्य मात्र जबाबात चालणार नाही. आधी हिशेब जुळवा. काडतूस खरेदीची नोंद दुकानदार परवान्यावर शिक्क्यासह करतो. ती घेतलेली संख्या, त्यातून उडवलेली वजा, समोर उरलेली किती ते मोजा. रिकामी नळकांडी टाकून दिली नसतील तर तीही मोजा, उडवल्याचा तोच पुरावा. उरलेल्या काडतुसांच्या बुडाचा फोटो काढा: पितळी कडेवर कारखान्याची खूण असते, खडकीच्या मालावर 'केएफ'. अंगावर छऱ्याचा नंबर असतो, एलजी, एसजी, बीबी वगैरे. गेलेली काडतुसं त्याच डब्यातली असतील तर वर्णन नेमकं देता येतं. हिशेब कितीही केला तरी एखाद्या काडतुसाचा मेळ बसला नाही, तर जबाबात तसंच लिहून द्या. आकडा ठोकून देऊ नका.

आता बंदूक. चोरांच्या हातात ती गेली होती, तेव्हा अजून पुसली नसेल तर पुसू नका. तिच्यावर बोटांचे ठसे मिळू शकतात. पंचनाम्यात तिचे ठसे घेतले का, हे तपास अंमलदाराला विचारा. ते काम झाल्यावर, बंदूक सुरक्षित दिशेला धरून, बिजागरीवर उघडून दोन्ही कोठ्या (नळ्यांची मागची, काडतूस बसतं ती टोकं) रिकाम्या आहेत का ते आधी पाहा. मग उजेडाकडे धरून कोठीच्या बाजूने नळ्यांतून बघा, तोंडाच्या बाजूने कधीच नाही. पडलेल्या बंदुकीच्या नळीत माती, चिंधी, कागदाचा बोळा असू शकतो आणि अडथळ्यावर गोळी झाडली तर नळी फुटते. नळीला बाहेरून पोचा आला असेल, चाप किंवा सेफ्टी सैल वाटत असेल, तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याने पाहिल्याशिवाय ती उडवायची नाही.

नंबरांचेही फोटो आताच काढून ठेवा. डबल बॅरलच्या नळ्या उतरवल्या की त्यांच्या खालच्या सपाट भागावर, अॅक्शनच्या (नळ्या जिला अडकतात त्या चाप-घोड्याच्या लोखंडी भागाच्या) सपाटीवर आणि पुढच्या लाकडी दस्त्याच्या लोखंडावर नंबर कोरलेला असतो. तीनही ठिकाणचा नंबर जुळतो का आणि परवान्यावर तोच आहे का, ते बघा. जुन्या, वारशाने आलेल्या बंदुकांत परवान्यावर एखादा आकडा चुकलेला असतो आणि तो चोरी झाल्यावरच लक्षात येतो. परवान्याचं पुस्तक जागेवर आहे ना, हेही बघा. तेच गेलं असेल तर त्याची वेगळी नोंद करून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ठळक दिसते. आतापर्यंत तुमच्या बंदुकीचं एकमेव संरक्षण म्हणजे ती कुठे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. ते आता संपलं. ती नेली नाही म्हणजे नको होती, असं धरून चालू नका. दागिने खिशात जातात. बंदूक घेऊन रस्त्याने जाता येत नाही, तिला गिऱ्हाईक शोधावं लागतं. गिऱ्हाईक मिळालं की कुठे यायचं हे त्यांना ठाऊक आहे. फोडलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोडलं जाण्याचा धोका इतर घरांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांतल्या पोलिसांच्या नोंदींत दिसून आलेलं आहे. मागीलदार कुठे आहे, कुत्रा आहे की नाही, शेजार किती लांब, सगळा अभ्यास त्यांचा झालेला आहे.

म्हणून घराचं काम होईपर्यंत बंदूक घरात ठेवू नका. ती पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात बंदूक जमा करण्याची सवय कोकणातल्या परवानाधारकांना आहेच; तेच आता स्वतःहून करायचं. विक्रेता भाडं घेतो, पण देखभाल बरी होते. त्याचं दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. पीक संरक्षणाचे परवाने बऱ्याचदा ठरावीक हद्दीपुरते असतात आणि हद्दीबाहेर बंदूक न्यायला वेगळी परवानगी लागते. नेताना नळ्या उतरवून, कव्हरात, काडतुसं वेगळ्या पिशवीत आणि मूळ परवाना सोबत. मेव्हण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी 'चार दिवस' ठेवणं हा पर्याय नाही. परवाना नसलेल्याच्या ताब्यात बंदूक दिली की तुम्ही दोघेही अडचणीत येता.

ठाण्याच्या मालखान्यात पावसाळ्यात बंदूक गंजते, ही तक्रार सगळ्यांची असते आणि ती खरी आहे. जमा करण्याआधी नळ्या आतून गजाने कोरड्या पुसा, मग आतून-बाहेरून तेलाचा हात नेहमीपेक्षा जाड द्या. कॅनव्हासच्या कव्हराऐवजी तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळा. कॅनव्हास, चामडं आणि स्पंज ओल धरून ठेवतात. पोचपावतीवर मेक, नंबर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या: दस्त्याला भेग आहे का, नळीत खड्डे आहेत का. पावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

घरातल्या जागेचं आता सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. साधं पत्र्याचं कपाट ०.८ ते १ मिलिमीटर पत्र्याचं असतं. कटावणीने त्याचं दार वाकवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी बीएस ७५५८ हे मानक आहे आणि तिथे किमान २ मिलिमीटर पोलाद लागतं. तुम्ही फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर अंगाला ३ आणि दाराला ५ मिलिमीटरची प्लेट घ्या. दार चौकटीच्या आत बसणारं हवं, वरून झाकणारं नको, म्हणजे कटावणीचं टोक घुसायला फट उरत नाही. बिजागरीच्या बाजूला दाराच्या आतून दोन-तीन पोलादी खुंट्या वेल्ड करून चौकटीतल्या भोकांत जातील अशा ठेवा. मग बिजागरी बाहेरून कापली तरी दार निघत नाही. कडी लावून बाहेरून कुलूप घालायचं, हा प्रकार इथे नकोच. आतल्या आत दोन-तीन बोल्ट सरकवणारं लिव्हरचं तिजोरी-कुलूप बसवा. बॅटरीवरच्या स्वस्त डिजिटल कुलपांत दमट हवेने सेलची टोकं हिरवी पडतात, आणि त्यांची आणीबाणीची चावी लोक बहुधा त्याच तिजोरीत ठेवतात!

माप किती? ३० इंची नळ्यांची बंदूक जोडलेली असताना साधारण १२० सेंटिमीटर भरते. उतरवली की सर्वांत लांब भाग नळ्यांचा, ७६ सेंटिमीटर. म्हणजे उतरवून ठेवणार असाल तर आतून ८५ सेंटिमीटर उंची पुरते, कपाट लहान होतं आणि कोपऱ्यात लपतं. आत काडतुसांसाठी वेगळ्या चावीचा कप्पा करा. नळ्या एका कुलपात आणि अॅक्शन-दस्ता दुसऱ्या खोलीतल्या कुलपात ठेवलं तर उत्तमच. एक भाग गेला तरी बंदूक होत नाही. मात्र सुटा भागही कायद्याच्या नजरेत शस्त्राचाच भाग आहे. तो माळ्यावर उघडा ठेवता येणार नाही आणि गेला तर तोही कळवावा लागतो. नुसता पुढचा लाकडी दस्ता काढून ठेवण्यावर भिस्त ठेवू नका, तो नसला तरी नळ्या अॅक्शनला अडकवता येतात. चापावर बसणारी कुलपं जोडीला चालतील, पण भरलेल्या बंदुकीला ती लावणं हाच अपघात.

असं कपाट रिकामं ४५ किलोच्या आसपास भरतं. चोर ते उघडत बसत नाहीत, उचलून टेम्पोत घालतात. तेव्हा जमिनीला किंवा भिंतीला जखडणं हा यातला निम्मा भाग आहे, आणि चिऱ्याच्या घरात तोच नेमका फसतो. जांभा सच्छिद्र आणि मऊ. त्यात ठोकून फुगणारा अँकर बोल्ट घातला तर एक तर तो भोक मोठं करून सैल राहतो, नाही तर कडेचा चिरा तडकतो. जमिनीचीही तीच गत: जुन्या घरात फरशीखाली मुरूम आणि पातळ कोबा असतो, बोल्टला धरायला काँक्रीटच नसतं. वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं, पहार लावली की फरशीसकट उपटून येतं.

भिंतीसाठी उपाय असा: आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीत १२ मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड आरपार घाला आणि पलीकडे १०० बाय १०० बाय ६ मिलिमीटरची प्लेट व नट लावा. असे चार रॉड. नट घट्ट केल्यावर रॉडचं टोक ठोकून चपटं करा किंवा वेल्डिंगचा टाका मारा. बाहेरच्या भिंतीत हे करू नका, अंगणातून नट दिसतात. जमिनीसाठी फरशी काढून ६० बाय ६० सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. सिमेंटची एक पोती पुरते. ओलं असतानाच १२ मिलिमीटरचे, खाली वाकवलेले चार बोल्ट लाकडी साच्याने नेमक्या मापावर उभे करा. इथे होणारी चूक म्हणजे बोल्ट नुसत्या अंदाजाने रोवणं. काँक्रीट धरल्यावर कपाटाच्या भोकांशी ते जुळत नाहीत आणि मग भोकं मोठी करत बसावं लागतं. निदान सात दिवस पाणी मारा, घाईने कपाट चढवू नका. घरात खरंखुरं काँक्रीट असेल तर केमिकल अँकर (भोकात रॉड चिकटवणारा रासायनिक मसाला) चालेल: १२ चा रॉड, १४ चं भोक, ११० मिलिमीटर खोल, आणि ती खोली फरशी व तिच्याखालचा मसाला सोडून मोजायची. भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने पूर्ण काढली नाही तर केमिकल भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही.

कपाटाची कुलपाकडची बाजू भिंतीला जवळजवळ टेकवा. पहारीला तिथे हात फिरवायला जागा मिळत नाही. झोपायची खोली टाळा, चोर आधी तिथेच जातात. खाली पाच मिलिमीटर रबर आणि मागे दोन-तीन सेंटिमीटर हवा सोडा, नाही तर चिऱ्याची ओल पत्र्यातून आत येईल (भिंतीला रॉड घेणार असाल तर त्या फटीत रॉडवर तेवढ्याच जाडीचे लोखंडी वॉशर घाला). आत अर्धा किलो सिलिका जेल ठेवा. नारिंगी दाणे घ्या, निळे नकोत, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ते सुकवायचे, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. पावसाळ्यात पंधरवड्याने बघा. काडतुसांना तेल लावू नका. फुगलेली, बुडाला हिरवट पडलेली काडतुसं विहिरीत किंवा कचऱ्यात न टाकता ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे द्या. कुणाकडे ठासणीची बंदूक असेल तर तिची दारू जाड लोखंडी हवाबंद पेटीत कोंडू नये, आग लागली तर त्या पेटीचाच बॉम्ब होतो.

चावी कुठे? परवानाधारकाच्या अंगावर, किंवा आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेटीत. देवघर, तांदळाचा डबा, कपाटाचा माथा ही ठिकाणं चोरांना तुमच्याइतकीच पाठ असतात. यावेळी घरातला चाव्यांचा जुडगा गेला आहे का, हे नीट तपासा. एक जरी चावी गायब असेल तर घराची सगळी कुलपं बदला, बागेतल्या पंपघराचंसुद्धा.

आता घराकडे वळू. समोरच्या दाराला बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' ही पाटी. त्याऐवजी दाराच्या आत बसणारं, बाहेरून चावी लागणारं कुलूप घ्या. मागीलदाराचा कोयंडा तुटला कारण तो बहुधा अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर होता. तिथे बाहेर काहीच ठेवू नका: आतून दोन्ही बाजूंच्या भिंतीत बसवलेल्या पोलादी पकडींत आडवा अडसर, आणि वर-खाली खिट्ट्या. जायचं ते समोरच्या दाराने. चौकटीतल्या पट्टीला तीन इंची स्क्रू लावा म्हणजे ते लाकूड ओलांडून भिंतीपर्यंत पोहोचतात. चौकट चिऱ्यात सैल असेल तर आधी तिला होल्डफास्ट (चौकट भिंतीत जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) घालून पक्की करा, नाही तर कुलूप शाबूत राहून चौकटच बाहेर येते. खिडक्यांचे गज १२ मिलिमीटरचे, दोन गजांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि ग्रिल बाहेरून स्क्रूने लावलेलं असेल तर त्या स्क्रूंची डोकी वेल्ड करून टाका.

कौलं विसरू नका. दार मजबूत केलं की पुढचा मार्ग छतातून: दोन ओळी कौलं सरकवली की माणूस माळ्यावर. अख्ख्या घराला करणं महाग पडेल. कपाट असलेल्या खोलीपुरतं वाशांना खालून १० सेंटिमीटर चौकोनाची वेल्डेड सळ्यांची जाळी बोल्टने मारा. मांगराची (बागेतल्या खोपीची) शिडी मोकळी ठेवता का? तिला साखळी लावा. पहार, कुऱ्हाड, कोयताही कुलपात. आपल्याच अवजाराने आपलं दार फोडलेलं पंचनाम्यात अनेकदा दिसतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. चोर डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) उचलून नेतात, म्हणून तो टीव्हीखाली न ठेवता माळ्यावर किंवा कुलपात ठेवा आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्डही घाला. वीज जाते तेव्हासाठी छोटा यूपीएस हवा. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याजवळ कोळी जाळं विणतो आणि चित्र पांढरं धुरकट होतं. महिन्यातून एकदा पुसा. सिमवरचा अलार्म घ्याल तर त्याचं रिचार्ज संपलं की तो मुका होतो, तारीख फोनवर लावून ठेवा.

उशाशी भरलेली बंदूक: नको. घरफोडी बंद घरात होते, तुम्ही नसताना. तेव्हा उशी आणि बंदूक दोन्ही चोरांच्या हाती असतात. तुम्ही घरात असताना अंधारात, झोपेतून उठून चापावर बोट ठेवलं तर समोर उभा माणूस कोण हे कळायच्या आत गोळी सुटते. रात्री पाणी प्यायला उठलेला मुलगाही असू शकतो. रात्रीच्या घरफोडीत खासगी बचावाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरता, आणि गरज किती होती ते नंतर न्यायालय ठरवतं. शिवाय तुमचा परवाना पिकासाठी आहे. (रानडुक्कर मारायलासुद्धा नुसता हा परवाना पुरत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी.) रात्री चाहूल लागली तर आतून खोली लावून घ्या, दिवे लावा, आरडाओरड करा, ११२ लावा. वाडीतल्या चार घरांचे नंबर एका बटणावर ठेवा, ठाण्यापेक्षा ती माणसं आधी पोहोचतील.

विमा असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा आणि तुटलेला कोयंडा टाकून देऊ नका. बळजबरीने प्रवेश झाल्याचा पुरावा मागितला जातो. बंदूक पॉलिसीत वेगळी नोंदवलेली असते का, तेही त्याच पत्रात विचारा.

कपाट बसलं, अडसर लागला, जाळी मारून झाली की त्यांचे फोटो काढून ठेवा. परवाना घेताना सुरक्षित साठवणुकीची हमी तुम्ही दिलेली असते. नूतनीकरणाला कुणी विचारलं तर हे दाखवता येतात. मग पावती घेऊन बंदूक परत आणायला जा. ताबा घेण्याआधी ठाणे अंमलदारांसमोरच नंबर पावतीशी ताडून पाहा, काडतुसं मोजा, नळ्यांतून उजेड बघा, आणि गंज चढला असेल तर सही करण्याआधी तो नोंदवहीत लिहून घ्या.